तळघरातला दुसरा जिना: आगीच्या रात्रीपासून फॉर्म बीपर्यंतचे नऊ महिने

आमच्या इमारतीच्या तळघरात 17 ऑक्टोबर 2023 च्या रात्री आग लागली. जीव कुणाचाही गेला नाही. पण अग्निशमन दलाचे दोन जवान त्या तळघरात अकरा मिनिटं वाट चुकले होते, आणि आत जायच्या आधी त्यांना वाट सांगणारी मी होते. तिथून पुढे जी कामं निघाली त्यांतला शेवटचा कागद, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सांगणारा फॉर्म बी, 9 जुलै 2024 ला जमा झाला. मधल्या काळात ओळखीच्या तीन इमारतींतल्या लोकांनी विचारलं, तुम्ही नक्की काय काय केलंत? तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

इमारत पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून आत एका गल्लीत आहे. तळघर, तळमजला, वर तीन मजले. एकूण 23 गाळे. माझं दुकान वह्या, रजिस्टरं आणि ऑफिसला लागणाऱ्या कागदाचं. 2019 पासून गाळेधारकांच्या संस्थेची सचिवही मीच आहे. ऑक्टोबरात आमचं तळघर मोकळं नसतंच. लक्ष्मीपूजनाच्या रोजमेळ-खतावण्या, पुढच्या वर्षाच्या डायऱ्या, कॅलेंडरांचे गठ्ठे, रिमांच्या थप्प्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, त्यामुळे माल छताला टेकला होता.

नवरात्राची तिसरी माळ होती. नऊला दुकानं बंद झाली. 9 वाजून 40 मिनिटांनी रखवालदार मामांचा फोन आला, "ताई, खालून धूर येतोय." मी सदाशिव पेठेत राहते. चप्पल घालून निघाले आणि चालता चालता 101 लावला. चौकाचं नाव सांगितलं, कागदाचं गोदाम आहे म्हटलं आणि फोन ठेवला. गल्लीत गाडी कोणत्या तोंडानं शिरू शकते हे सांगायला हवं होतं; एका बाजूला रस्ता खोदलेला होता, ते मला रोज दिसत होतं. गाडी आधी त्याच बाजूला आली. मग मागे घेऊन, वळून, दुसरीकडून. आजूबाजूच्या पोरांनी तोवर लावलेल्या दुचाक्या अक्षरशः उचलून कडेला ठेवल्या. 101 वर बोलताना जवळची खूण, गाडी कुठून आत येईल, आत माणूस आहे का, काय जळतंय, एवढं सांगूनच फोन ठेवा. मी आता हे एका कागदावर लिहून मामांच्या खुर्चीमागे चिकटवलं आहे.

गाडीतून उतरताच अधिकाऱ्यांनी विचारलं, "आत कोणी आहे का? तळघराला जिने किती? मेन स्विच कुठे?" आत कोणी नाही हे मामांनी खात्रीनं सांगितलं. जिन्याचं मी सांगितलं, "एकच आहे. खाली उतरलं की सरळ जायचं, समोर पॅनेल." दोन जवान पाठीवर बीए सेट घेऊन, होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, ओढत खाली गेले. बीए सेट म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मुखवटा. ते पायऱ्या उतरले आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच दिसेनासे झाले, इतका धूर काळा होता.

मी काय सांगितलं नव्हतं ते आता सांगते. खाली उतरल्यावर सरळ जाता येत नव्हतं. 2011 मध्ये एका गाळेधारकाला वेगळी जागा हवी होती म्हणून प्लायवूडची आडवी भिंत घातली होती, तिला वळसा घालावा लागायचा. अर्ध्या भागावर लोखंडी अँगलचा पोटमाळा होता. रॅक भिंतींना टेकून उभे, मधल्या दोन रांगांची टोकं बंद. सत्तावीस वर्षं मी त्या तळघरात चढउतर करते आहे. माझे पाय आपोआप वळायचे, म्हणून माझ्या लेखी ते सरळच होतं.

काही वेळानं फुटपाथलगतच्या जाळीतून शिट्टीसारखा बारीक, सलग आवाज यायला लागला. मला तो कसला ते कळलं नाही. अधिकाऱ्यांना कळलं. त्यांनी वॉकीटॉकीवर हाका मारल्या, उत्तर तुटक आलं. लगेच दुसरी जोडी आत गेली. ती जोडी होजला धरून गेली आणि त्या दोघांना घेऊन होजला धरूनच परत आली. एका जवानाचा हातमोजा वितळला होता, मनगट भाजलं होतं. दोघांना रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आग पूर्ण विझायला पहाटेचे साडेतीन झाले. कागदाची थप्पी वरून विझली तरी आतून धुमसत राहते, प्रत्येक गठ्ठा फोडून भिजवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनामा, महावितरणनं वीज तोडणं, विमा कंपनीला कळवणं. त्यातलं एकच महत्त्वाचं सांगते. पोलीस, अग्निशमन, महावितरण आणि विमा, या चौघांना दिलेल्या अर्जात तारीख, वेळ आणि गाळ्याचा क्रमांक तंतोतंत एकच असू द्या. एका अर्जात मी "रात्री दहाच्या सुमारास" लिहिलं होतं, त्यापायी खुलाशाचं एक जादा पत्र द्यावं लागलं. अग्निशमन दलाच्या दाखल्यासाठी भवानी पेठेतल्या मुख्यालयात अर्ज केला. सोबत मिळकत कराची पावती, वीजबिल, विमा पॉलिसीची प्रत आणि जळालेल्या मालाची यादी जोडली. चलन भरलं, आवक शिक्क्याची पोच घेतली. दाखला तीन आठवड्यांनी आला. विम्याचं म्हणाल तर आम्ही माल कमी रकमेचा दाखवला होता, म्हणून भरपाईही त्या प्रमाणात कापून आली. दिवाळीआधी माल वाढतो, तेव्हा पॉलिसीची रक्कमही वाढवून घ्या.

24 ऑक्टोबरला दसरा होता. आपट्याची पानं घेऊन मी अग्निशमन केंद्रावर गेले. तो मनगट भाजलेला जवान पट्टी बांधून बसला होता. वय तिशीच्या आत. मी सोनं दिलं आणि म्हटलं, माझी चूक झाली. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि काय झालं ते शांतपणे सांगितलं.

धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून जवान एका हातानं भिंत धरतात आणि ती न सोडता पुढे सरकतात. परत फिरताना दुसरा हात त्याच भिंतीला. दुसरा आधार होजचा. होजच्या जोडावर हात फिरवला की कपलिंगच्या नर-मादी बाजूवरून बाहेरची दिशा कळते. तिसरा आधार जोडीदार. आमच्या तळघरात पहिले दोन्ही गेले. त्याचा हात ज्याला लागला ती भिंत नव्हती, रॅकची पाठ होती. रॅक संपला, प्लायवूड लागलं, प्लायवूडच्या पलीकडे पुन्हा रॅक. तो म्हणाला, "ताई, भिंत संपतच नव्हती. आम्ही पुढे जातोय असं वाटत होतं, पण एकाच फडताळाभोवती फिरत होतो. तीच तुटलेली पट्टी तिसऱ्यांदा हाताला लागली तेव्हा कळलं." तोवर रिमांची थप्पी भिजून कोसळली होती आणि होज तिच्याखाली गाडला गेला होता. वरच्या वायरिंगची प्लॅस्टिकची पट्टी वितळून वायरींची जाळी खाली आली आणि जोडीदाराच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकली. ती हातानं सोडवताना मनगट भाजलं.

मग त्यानं हवेचा हिशोब सांगितला. 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबानं भरलेली हवा म्हणजे साधारण 1800 लिटर. कागदावर ती चाळीसएक मिनिटं पुरते. जड काम करताना, घाबरलेल्या माणसाला ती निम्म्या वेळातच संपते. दाबाचा काटा 50-55 बारच्या आसपास आला की शिट्टी वाजायला लागते. मी जाळीतून ऐकली ती हीच. उठताना मी पुन्हा माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही सरळ म्हणालात, आम्ही सरळ गेलो. आत आम्हाला बाहेरच्या माणसाच्या शब्दाशिवाय दुसरं काही नसतं."

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलवर वाचत बसले. अमेरिकेत वुस्टर नावाच्या गावी 3 डिसेंबर 1999 ला एका बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली होती. खिडक्या जवळपास नाहीतच, आत चक्रव्यूह. आत दोन बेघर माणसं असतील म्हणून जवान शोधायला गेले. ती दोघं आधीच निघून गेली होती. दोन जवान वाट चुकले, त्यांना शोधायला गेलेले चार जण परतले नाहीत. एकूण सहा जणांचा जीव गेला. अमेरिकेतल्याच चार्ल्सटनमध्ये 18 जून 2007 ला सोफ्यांच्या दुकानाच्या आगीत नऊ जवानांचा जीव गेला. वाढवत नेलेली इमारत, छताच्या पोकळीत साठलेला धूर, आणि आत वाट हरवून हवा संपत आलेली माणसं. हे वाचताना मला सारखा आमचा प्लायवूडचा आडवा पडदा दिसत होता. दुकान वाढवताना आपण एक एक फळी घालत जातो.

28 नोव्हेंबरला संस्थेच्या नावानं अग्निशमन दलाची नोटीस आली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. या कायद्याप्रमाणे इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. बसवलेली यंत्रणा नियमाप्रमाणे आहे हे परवानाधारक एजन्सी फॉर्म ए देऊन सांगते. ती चालू स्थितीत आहे हे फॉर्म बीमध्ये लिहून दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं असतं. आमच्या फाइलमध्ये शेवटचा फॉर्म बी 2014 चा होता. मी सचिव झाले तेव्हा ती फाइल माझ्या ताब्यात आली होती आणि मी ती उघडली नव्हती.

नोटिशीला उत्तर देताना घाबरून गप्प बसू नका. मी मुदतीच्या आत लेखी उत्तर दिलं: काय काय नाही ते कबूल केलं, काय करणार त्याचा क्रम दिला, वेळ मागितला. उत्तरावर पोच घेतली. हा कागद पुढे चार ठिकाणी उपयोगी पडला.

मग मंजूर नकाशा शोधायचा होता. बिल्डरचा पत्ता लागत नव्हता, आमच्याकडची प्रत कुणाच्या तरी कपाटात वाळवीनं खाल्लेली. 4 डिसेंबरला प्रमाणित नकलेसाठी अर्ज केला. इथे बराच वेळ गेला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, जुना फाइल क्रमांक नाही म्हणून परत. जुन्या मिळकतकराच्या उताऱ्यावर भोगवटा पत्राचा, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीच्या दाखल्याचा, क्रमांक सापडला आणि त्यावरून फाइल निघाली. तुमच्या इमारतीचा भोगवटा पत्राचा क्रमांक आजच शोधून ठेवा. नक्कल हातात आली 19 जानेवारी 2024 ला.

ती टेबलावर पसरली आणि आम्ही तिघं-चौघं गप्पच झालो. तळघराला दोन जिने होते. दुसरा मागच्या बोळात उघडणारा. 2009 मध्ये त्याचं वरचं तोंड झेरॉक्सच्या दुकानाला काउंटरसाठी भाड्यानं दिलं गेलं होतं, महिना 4,500 रुपये, रीतसर ठराव करून. खाली पायऱ्यांवर जुना माल रचला आणि पुढे रॅक लावला. त्या मालात माझ्या डायऱ्यांचे गठ्ठेही होते. म्हणजे अधिकाऱ्यांनी "जिने किती?" विचारलं तेव्हा मी "एकच" म्हटलं, आणि ज्या रॅकच्या मागे तो दुसरा जिना होता त्याच रॅकभोवती ते दोघं फिरत होते. मोजलं तर त्या पायऱ्यांपासून ते सात फुटांवर होते.

28 जानेवारीच्या रविवारी सर्वसाधारण सभा घेतली. त्याआधी 10 डिसेंबरला एक सभा झाली होती, तिच्यात नुसती भांडणं. वरच्या मजल्यावरचे म्हणत होते, आग तळघरात, खर्च आम्ही का करायचा? या वेळी मी नकाशा भिंतीवर लावला आणि दसऱ्याला ऐकलेलं सगळं सांगितलं. वायरींचं सांगितलं, हवेचं सांगितलं, सात फुटांचं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले की त्यांच्या गाळ्यात दोन मुलं रात्री झोपतात आणि शटरला बाहेरून कुलूप असतं. ते मला माहीतही नव्हतं. कोंढव्यात 30 डिसेंबर 2016 ला पहाटे एका बेकरीला आग लागून बाहेरून बंद शटरमागे सहा कामगारांचा जीव गेला, आणि मे 2019 मध्ये उरुळी देवाचीला कापडाच्या दुकानात पाच जणांचा. हे सभेतल्या प्रत्येकाला आठवत होतं. काकांनी त्याच रात्रीपासून मुलांची सोय दुसरीकडे केली. तो ठराव लिहावाच लागला नाही. वर्गणीचा ठराव क्षेत्रफळाप्रमाणे झाला, तीन हप्त्यांत. झेरॉक्सवाल्या दादांना दोन महिन्यांची मुदत दिली. संस्थेचे वर्षाचे 54,000 गेले. त्यांनी काउंटर सहा आठवड्यांत हलवलं, त्यांचे मी मनापासून आभार मानते.

एजन्सी निवडताना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या परवानाधारकांच्या यादीत नाव आहे का आणि परवान्याची मुदत चालू आहे का, ते स्वतः बघा. आम्ही चौघांकडून दरपत्रकं मागवली. एकानं फोनवरच सांगितलं, "फोटो पाठवा, फॉर्म बी दोन दिवसांत घरपोच." दर सर्वांत कमी त्याचाच होता, आणि सभेतल्या काहींना तो पटलाही होता. मी विचारलं, उद्या पुन्हा कुणी पायऱ्या उतरून आत गेलं तर त्या कागदाला धरून बाहेर येणार आहे का? विषय तिथेच संपला. आम्ही ज्यांना काम दिलं त्यांचे अभियंते पहिल्या दिवशी साडेचार तास इमारतीत होते आणि पंप चालू करून बघितल्याशिवाय त्यांनी आकडा सांगितला नाही. पंप चालू झालाच नाही.

काम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत एका सकाळी, तो जवान सुटीच्या दिवशी आमच्या विनंतीवरून आला. माल गेला होता, पण लोखंडी रॅक आणि अर्धवट जळलेलं प्लायवूड अजून उभं होतं. तो म्हणाला, "ताई, ओढणी डोळ्यांना बांधा. पहिल्या पायरीपासून निघा आणि परत जिन्यावर या." मी उजवा हात भिंतीला लावून निघाले. पहिली दहा-बारा पावलं ठीक होती. मग भिंतीच्या जागी रॅक आला, गार आणि काजळीनं चिकट. पुढे कोपरा लागला, तो खोलीचा की रॅकचा, कळेना. मागे वळले तर मागे काय होतं ते आठवेना. छातीत धडधडायला लागलं. धूर नव्हता, उष्णता नव्हती, मुखवटा नव्हता, तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. चार मिनिटांनी मला पक्कं वाटलं की जिन्यापाशी आले आहे. पाऊल उचललं, पायरी नव्हती. ओढणी काढली तर मी प्लायवूडच्या मागच्या कोपऱ्यात, जिन्याकडे पाठ करून उभी होते. आमच्या अध्यक्षांनीही करून बघितलं. ते दोन मिनिटांतच थांबले आणि म्हणाले, हे सगळं काढून टाका.

मला वाटतं, कुठल्याही एजन्सीला बोलवण्याआधी प्रत्येक गाळेधारकानं हे एकदा करावं. सोबत डोळस माणूस ठेवून, वाटेत काही टोकदार नाही ना ते बघून.

त्या सकाळी मांडणी ठरली. नियमात एवढं सविस्तर लिहिलेलं नसतं, ती आम्ही तिघांनी बसून ठरवली. रॅक भिंतीपासून अडीच फूट सुटे. म्हणजे तळघराची चारही बाजूंची भिंत हाताला सलग लागेल आणि भिंत धरून कुणीकडेही गेलं तरी एका जिन्याशी पोचेल. मधल्या रांगा सरळ, दोन्ही टोकं उघडी. पोटमाळा आणि प्लायवूड कायमचं बंद. थप्पी खांद्याच्या वर नाही, आणि रॅक जमिनीला बोल्ट केलेले. वायरिंग धातूच्या पाइपातून, क्लिपही धातूच्या. ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स इमारतीच्या आगीत 6 एप्रिल 2010 ला दोन जवानांचा जीव गेला, तिथेही लोंबत्या वायरींनी घात केला होता. पुढे तिथल्या वायरिंगच्या नियमांत आगीत वायरी खाली कोसळणार नाहीत असे आधार सक्तीचे झाले. आमच्या इलेक्ट्रिशियनला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं आधीच लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या न बोलता उतरवल्या. प्लॅस्टिक आणि धातूच्या क्लिपांच्या किमतीतला फरक आमच्या पूर्ण तळघराला 6,800 रुपये आला.

20 फेब्रुवारीला काम सुरू झालं, संपलं गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी. पंप, पाइप आणि तळघरातले स्प्रिंकलर मिळून 4 लाख 60 हजार. धूरशोधक आणि अलार्म पॅनेलला 2 लाख 10 हजार. दोन्ही जिन्यांना आगरोधक दरवाजे बसवणं आणि बंद जिना उघडून दुरुस्त करणं 1 लाख 30 हजार. वायरिंग पावणेदोन लाख. हायड्रंटचे, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याच्या नळांचे, होज सगळे कुजलेले निघाले, ते बदलले. आग विझवायचे सिलिंडर, पाट्या, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आणि बॅटरीवरचे दिवे धरून एकूण 11 लाख 30 हजारांच्या आसपास गेलं. गाळ्यामागे सरासरी 49,000. शिवाय वर्षाचा देखभालीचा करार 60,000 चा. दोघांनी हप्ते अजून पुरते दिलेले नाहीत, त्यांच्या धंद्याची अडचण खरी आहे आणि संस्था थांबली आहे.

प्रवेशद्वाराशी आम्ही एक लाल पेटी बसवली. तिच्यात प्रत्येक मजल्याचा नकाशा, जिने, मेन स्विच, पंपरूमची चावी, कोणत्या गाळ्यात काय माल, आणि तीन फोन क्रमांक. नकाशे प्लॅस्टिकमध्ये, अक्षरं मोठी, कारण ते रात्री बॅटरीच्या उजेडात वाचायचे असतात. एक संच जवळच्या केंद्रावर नेऊन दिला.

अग्निशमन सेवा सप्ताह दर वर्षी 14 ते 20 एप्रिलला असतो, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्यातल्या गुरुवारी, 18 एप्रिलला, आमच्याकडे सराव झाला. अर्ज महिनाभर आधी दिला होता. सगळ्यांत वरच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे होज जोडायच्या नळाला, पाण्याचा दाब साडेतीन बारच्या वर मिळाला. मग तो जवान मुखवट्यावर काळं कापड बांधून पहिल्या जिन्यानं उतरला, डावा हात भिंतीला. पाय न उचलता घासत, एक एक पाऊल चाचपत. मी मागच्या बोळात दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी उभी होते. खालून बुटांचा आवाज जवळ येत गेला. दार ढकलून तो उजेडात आला, कापड काढलं आणि म्हणाला, "अठ्ठावीस पावलं." मला रडू आलं, तिथेच पायरीवर बसले. त्यानं काही विचारलं नाही.

पुढचं सगळं कागदांचं. एजन्सीनं फॉर्म ए दिला. मेमध्ये निवडणुकीच्या कामांमुळे पाहणीची तारीख दोनदा पुढे गेली. जूनमध्ये पाहणी झाली, दोन त्रुटी निघाल्या: एका दरवाज्याचा क्लोजर (दार आपोआप लावणारी दांडी) ढिला आणि पंपरूममध्ये कुणीतरी ठेवलेली झाडू-बादली. दुरुस्त करून, फोटो जोडून पूर्ततेचं पत्र दिलं. पालख्या पुण्यातून पुढे गेल्यावर एजन्सीनं पुन्हा सगळी यंत्रणा चालवून बघितली आणि 9 जुलैला फॉर्म बी जमा केला. पोच घेतली, तिच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक लाल पेटीत ठेवली. जानेवारी 2025 ची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहिली.

त्याच आठवड्यात केंद्रावर गेले तेव्हा कळलं, त्या जवानाची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली आहे. नव्या अधिकाऱ्यांना मी नकाशाचा संच दाखवला. तळघराच्या पानावर दोन जिन्यांच्या मध्ये भिंतीलगत मी लाल शाईनं 28 लिहिलं आहे. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, पहिल्या जिन्यापासून दुसऱ्यापर्यंत भिंत धरून घासत चाललं तर इतकी पावलं. त्यांनी कागदाकडे जरा वेळ बघितलं, मग दोन जवानांना हाक मारली. "चला, मॅडमबरोबर जाऊन मोजून येऊ."